फ्रीजचा नळ आणि टेकडीवरचा तलाव

फ्रीजच्या दारातल्या नळातून पाणी येईनासे झाले, की पहिला संशय फ्रीजवरच जातो. मुंबईच्या उपनगरांत मात्र या तक्रारीचे मूळ पुष्कळदा फ्रीजच्या बाहेर, पाण्याच्या दाबात असते. हा दाब घरापर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घ्यायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

मुंबई बेटावरील लोकांची भिस्त पूर्वी विहिरी आणि लहान तळ्यांवर होती. पाऊस कमी झाला, की पाण्याचे हाल होत. म्हणून हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीच्या डोंगरात धरण घालून विहार तलाव बांधण्यात आला. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात आले. त्यासाठी पंप लागला नाही. तलाव उंचावर आणि शहर सखल भागात, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच वाहत गेले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची भर पडली. शहरातही मलबार हिल आणि भंडारवाडा या टेकड्यांवर हौद बांधण्यात आले. हौद टेकडीवरच का? कारण पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. १० मीटर उंचीच्या स्तंभामुळे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. नळी जाड असो वा बारीक, साठलेल्या पाण्यात हा हिशेब बदलत नाही.

विहार, तुळशी साष्टीत असले, तरी साष्टीतील गावे तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली. अंधेरी, घाटकोपर त्यात आले. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा बोरिवलीही शहरात आली. त्याच वर्षी वैतरणा नदीवरचे धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयाला पुढे अभियंता मोडक यांचे नाव मिळाले. १९५८ मध्ये विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने देशी फ्रीजचे उत्पादन सुरू केले. फ्रीज आणि नळ अशा रीतीने उपनगरांत जवळजवळ बरोबरच आले.

वस्ती मात्र पाण्यापेक्षा वेगाने वाढली. पाणी ठराविक वेळीच सोडावे लागले. त्यातून इमारतींची ओळखीची व्यवस्था रूढ झाली : तळाशी टाकी, तिथे पंप आणि गच्चीवर दुसरी टाकी. गच्चीवरची टाकी म्हणजे त्या इमारतीपुरती मलबार हिलच!

आता फ्रीजकडे वळू. काही फ्रीजमध्ये दाराच्या आत एक डबा असतो आणि तो हाताने भरायचा असतो. त्याला बाहेरच्या दाबाची गरज नाही. तो बंद पडला तर डबा नीट बसला आहे का, तोटीत क्षार साचले आहेत का, एवढेच पाहायचे. दुसऱ्या प्रकारात फ्रीजला नळाची जोडणी असते. अशा फ्रीजला प्रति चौरस सेंटिमीटर साधारण १.४ ते २.४ किलोग्रॅम इतका तरी दाब लागतो. म्हणजे पाण्याची उंची किमान १४ मीटर हवी.

सात मजल्यांच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरील नळापासून टाकीतील पाणी ५ मीटर उंच आहे आणि एक मजला ३ मीटरचा आहे, असे धरा. वरच्या मजल्यावर दाब अवघा ०.५ किलोग्रॅम मिळेल. वरून चौथ्या मजल्यावर उंची ५ + ३ + ३ + ३, म्हणजे १४ मीटर भरते. नळीतील घर्षणाने त्यातलाही काही दाब जातो. म्हणून एकाच इमारतीत तळमजल्यावर फ्रीजचा नळ चालतो आणि तोच फ्रीज वरच्या मजल्यावर बंद पडतो, यात नवल नाही.

म्हणून दोष शोधताना पाण्याच्या वाटेनेच जावे. प्रथम टाकीची उंची मोजावी आणि फ्रीजमागची चावी पूर्ण उघडी आहे ना, ते पाहावे. मग गाळणी. बंद असलेली नळवाहिनी पुन्हा सुरू होते तेव्हा तळाचा गाळ आणि गंज ढवळून निघतो, त्यामुळे गाळणी मुदतीआधीच तुंबू शकते. त्यानंतर दारातील नळी. फ्रीजर फार थंड ठेवला तर ती गोठते. सर्वांत शेवटी विजेवर उघडणारी झडप तपासावी. ही झडप बंद होण्यासाठीही पाण्याच्या दाबाचे साहाय्य घेते. दाब फार कमी असेल, तर नळ ठिबकत राहतो. झडप किंवा वीज यांना हात लावायचे काम जाणकारावर सोपवावे.

दाब कमी निघाला, तर पंप लावण्याचा मोह होतो. तो आपल्या टाकीच्या पुढे, फ्रीजच्या नळीवर लावला तर हरकत नाही. पालिकेच्या वाहिनीवर थेट पंप लावणे मात्र बेकायदेशीर आहे आणि घातकही. भरलेल्या वाहिनीत पाण्याचा दाब असतो, तेव्हा फटीतून पाणी बाहेर गळते. पंपाने ओढून आतला दाब उतरवला, की त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. शेजाऱ्याचे पाणी कमी होते ते वेगळेच. ठराविक वेळी पाणी सोडण्याच्या पद्धतीत, वाहिनी रिकामी असताना हा धोका रोजच असतो. म्हणूनच पिण्याचे पाणी शुद्ध करून घेणे गरजेचे ठरते.

वर्गासाठी एक सोपे काम सुचवतो. मुलांना आपापल्या इमारतीचे मजले मोजायला सांगा, टाकीची उंची वडीलधाऱ्यांना विचारायला सांगा आणि प्रत्येक मजल्यावरचा दाब काढून तक्ता करायला सांगा. चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलांनी सार्वजनिक नळाला पाणी किती वाजता येते आणि एक बादली भरायला किती वेळ लागतो, याची नोंद करावी. सर्व तक्ते शेजारी शेजारी लावले, की एकाच शहरातले पाणी किती वेगवेगळ्या दाबाने घरोघरी पोहोचते, हे मुलांना आपोआप दिसेल.