मेलेल्याचा पंचनामा

परवा आत्याने फोनवर विचारलं, "रात्र रात्र जागून तू नक्की करतोस तरी काय रे?" मी म्हटलं, "पंचनामा!" ती घाबरलीच. म्हणून ही पोस्ट, तिच्यासाठी आणि तुम्हा सगळ्या मंडळींसाठी.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याला सावरता न येणारी चूक झाली की तो 'पॅनिक' होतो, जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी मेमरीत जे असेल ते जसंच्या तसं उतरवून ठेवलं, तर मागाहून कारण शोधता येतं. हाच क्रॅश डंप. जुनी मंडळी 'कोअर डंप' म्हणतात, कारण पूर्वी मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे 'कोअर'ची असे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेल्या आणि 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्येही तीच होती. कड्या गेल्या, नाव राहिलं.

पण डंप लिहायचा कोणी? खरी गोची इथेच. 1999 च्या सुमारास एसजीआयने एलकेसीडी आणलं, पुढे नेटडंप आणि डिस्कडंप आले. तिन्हीत मेख एकच: लिहिण्याचं काम मरणाऱ्या कर्नलकडेच. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्यानेच स्वतःचा पंचनामा लिहायचा! त्याने भलत्याच जागी लिहून चांगला डेटाही घालवला तर?

तोडगा निघाला 2005 मध्ये. एरिक बिडरमन यांच्या केएक्झेकमुळे चालू कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारता येत होती. त्यावरच केडंप उभं राहिलं. थोडी मेमरी आधीच राखायची, तिथे दुसरा कर्नल निजवून ठेवायचा. पहिला कोसळला की दुसरा उठतो आणि शुद्धीवरच्या माणसासारखा पहिल्याची मेमरी लिहून काढतो. त्या वर्षी ऑटावाच्या लिनक्स परिषदेतल्या केडंपवरच्या निबंधाच्या लेखकांत विवेक गोयल हे आयबीएमच्या भारतातल्या शाखेतले अभियंते होते. ऑगस्टमध्ये आलेल्या 2.6.13 मध्ये केडंप मूळ लिनक्सचा भाग झालं.

मग आला आभासी मशीनचा जमाना. 2007 च्या 2.6.20 मध्ये केव्हीएम आलं. इथे पाहुण्या मशीनची सगळी मेमरी यजमानाच्याच मेमरीत असते. म्हणजे पाहुणा गतप्राण झाला तरी यजमान बाहेरून त्याची मेमरी उतरवून घेऊ शकतो. आतल्या कुणाचीही मदत नको.

हे सगळं मला पाठ होतं. तरी घोळ घातलाच.

आमचं एक आभासी मशीन मध्यरात्री कोसळायचं आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. केडंपसाठी मेमरी राखलेलीच नव्हती, त्यामुळे दर वेळी पुरावा पुसला जायचा. त्याच आठवड्यात एका नव्या मुलाने रात्री चालणारी एक स्क्रिप्ट बसवली होती. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "याचंच काम." तो बिचारा गप्प बसला.

तिसऱ्या वेळेनंतर मी पॅनिकनंतरचं रीस्टार्ट बंद केलं. पुढच्या वेळी मशीन कोसळून तसंच पडून राहिलं. यजमानावरून 'व्हर्श डंप'ने फक्त मेमरी उतरवून घेतली, त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबग माहिती आणली, 'क्रॅश' उघडलं आणि 'बीटी' टाइप केलं. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी समोर आली. ती बॅकअपच्या सॉफ्टवेअरने कर्नलमध्ये घातलेल्या एका मॉड्यूलपाशी संपत होती. मोकळी केलेली मेमरी ते पुन्हा वापरत होतं. मुलाच्या स्क्रिप्टचा काडीचाही संबंध नव्हता. मॉड्यूल काढलं, मशीन पुन्हा कोसळलं नाही.

पहाटेचे चार वाजले होते. सकाळी त्याच मीटिंगमध्ये, त्याच सगळ्यांसमोर, मी त्याची माफी मागितली. "चालतं हो सर," म्हणाला, पण चाललं नव्हतं हे दिसत होतं.

मशीनबद्दल निकाल देण्याआधी पंचनामा करावा, हे लोकांनी कष्टाने शिकवलं. माणसाबद्दल मी तेवढीही वाट पाहिली नव्हती.

असो. आत्या, आता कळलं ना, कशाला जागतो ते?