बाइकला बाहेरचा एअर फिल्टर बसवताय? पॉवर किती वाढते हे नंतर, आधी धूळ किती अडते ते विचारा

नवी बाइक घेतली की पहिल्या महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. सायलेन्सर बदल आणि एअर फिल्टर बदल. सायलेन्सर बदलला की शेजाऱ्यांना लगेच कळतं. फिल्टर मात्र सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे लपलेला असतो, त्यामुळे तो चुकीचा बसला तरी वर्ष-दीड वर्ष कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तेव्हा बाइक निळसर धूर सोडत असते आणि मेकॅनिक बोअर-पिस्टनचा खर्च सांगत असतो.

मुळात हा फिल्टर किती काम करतो? ३५० सीसीच्या बाइकचा हिशोब करून बघा. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ५००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटल असेल तर मिनिटाला २५०० वेळा, म्हणजे जवळपास ८७० लिटर हवा. त्या हवेत रस्त्यावरची माती असतेच. मातीतला सिलिका, म्हणजे वाळूचा अंश, सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असतो. तो पिस्टन रिंगमध्ये शिरला की पॉलिश पेपर घासल्यासारखं काम करतो.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू.

कंपनीकडून बहुतेक बाइकना कागदी फिल्टर येतो. तो धूळ उत्तम अडवतो, काही शे रुपयांत मिळतो आणि खराब झाला की टाकून द्यायचा असतो. फोमचा फिल्टर धुऊन, तेल लावून परत वापरता येतो. ऑफरोड आणि डर्ट बाइकवाले तोच पसंत करतात. तिसरा म्हणजे तेल लावलेल्या सुती जाळीचा. अमेरिकेची के अँड एन, इटलीची बीएमसी, ग्रीसची डीएनए ही त्यातली नावाजलेली नावं. किंमत काही हजारांत, पण धुऊन वर्षानुवर्षं चालतो. नुसत्या स्टीलच्या जाळीचेही फिल्टर मिळतात. रोज धुळीतून जाणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘हवा जास्त येते’ म्हणजे काय?

जाहिरातीत हेच वाक्य असतं. ते खोटं नाही, पण फक्त हवा वाढवून पॉवर वाढत नाही. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण ‘लीन’ होतं. इंजिन तापतं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. कार्ब्युरेटरच्या बाइकला त्यासाठी जेट बदलावा लागतो. बीएस-६ च्या फ्युएल इंजेक्शन बाइकमध्ये ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला बहुधा ईसीयूमधला ठरलेला हिशोबच चालतो. बाकी काहीच न बदलता फक्त फिल्टर टाकला तर रोजच्या ट्रॅफिकमध्ये फरक जाणवण्याइतका नसतो. आवाज जरा भारदस्त होतो, आणि बऱ्याच जणांना तोच पिकअप वाटतो.

म्हणून दुकानदाराला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आयएसओ ५०११ या पद्धतीने चाचणी झाली आहे का, आणि किती टक्के धूळ अडली? समजा एक फिल्टर ९९ टक्के अडवतो आणि दुसरा ९७. ऐकायला फरक दोनच टक्क्यांचा. पण पहिल्यातून १ टक्का धूळ आत जाते, दुसऱ्यातून ३ टक्के. म्हणजे तिप्पट!

सर्वात मोठी चूक मात्र एअरबॉक्स काढून थेट कोन फिल्टर लावण्याची. एअरबॉक्स म्हणजे रिकामा डबा नव्हे. तो पाणी अडवतो, हवा शांत करतो, इंजिनाचा श्वास घेण्याचा आवाज दाबतो. क्रँककेसमधून निघणाऱ्या वाफेचा पाइपही तिथेच जोडलेला असतो. डबा काढला की तो पाइप लोंबकळत राहतो आणि पावसाळ्यात पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल थेट फिल्टरवर येतो.

त्यामुळे बदलायचाच असेल तर मूळ डब्यात बसणारा, तुमच्या मॉडेलचाच घ्या. कडेचं रबर सगळीकडे टेकलं पाहिजे. नावाजलेल्या ब्रँडचा फिल्टर पाचशे रुपयांत मिळाला तर तो नकली समजा. सुती फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. सावलीत वाळवा, मगच तेल लावा, तेही बेताने. एवढा व्याप नको असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या किलोमीटरला कागदी फिल्टर बदला. धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच.

फिल्टर बसवल्यावर पाचशे किलोमीटरनंतर तो काढा आणि इंजिनाकडच्या बाजूला, नळीच्या आतून पांढरं फडकं फिरवा. बोटाला कचकच लागली तर जुना फिल्टर परत लावा. म्हणूनच तो आधी फेकून देऊ नका.