बंदी बंदुकीवर की तिच्या साजावर?

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९७७ साली स्टायर ऑग ही रायफल घेतली. घाट बुलपपचा, म्हणजे मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यातच. नळी पुरेशी लांब, तरी बंदूक आखूड.

तिची सेमी-ऑटोमॅटिक आवृत्ती अमेरिकेत विकली जायची. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटनच्या शाळेत गोळीबारात पाच मुलं गेली (तिथलं हत्यार वेगळं होतं) आणि त्याच वर्षी बुश सरकारने अशा रायफलींची आयात थांबवली. १९९४ च्या कायद्यात तर ऑगचं नावच घातलं. नाव नसलेल्यांसाठी निकष काय? सुटं मॅगझिन, शिवाय पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगिनीची सोय, नळीच्या तोंडाचं ज्वाळारोधक वगैरेंपैकी कुठलेही दोन भाग. जीव घेते गोळी, कायदा मोजतो नट्टापट्टा!

कंपनीने काय केलं? मुठीच्या जागी अंगठ्यापुरतं भोक असलेला दस्ता बसवला, ज्वाळारोधक काढलं आणि यूएसआर नावाने तीच बंदूक परत बाजारात आणली. आतली यंत्रणा तीच! १९९८ मध्ये क्लिंटन सरकारने मोठं लष्करी मॅगझिन बसणाऱ्या रायफलींची आयात रोखली, तेव्हा कुठे ही पळवाट बुजली.

२००४ मध्ये १९९४ च्या कायद्याची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही. नंतरच्या ऑगवर कारखान्यातूनच रेल येते. हवी ती दुर्बीण लावा, टॉर्च लावा.