ओळखपत्र छापून घेताना कामी येणारे शब्द

टावर चौकात ओळखपत्रे छापायला गेलो, की फ्युजिंग, रिबन, हायको असे शब्द कानावर येतात. अर्थ न कळता होकार दिला, तर पैसे वाया जातात आणि कधी नावही चुकीचे छापले जाते. म्हणून सभासदांसाठी ही छोटी सूची देत आहोत.

कार्ड

सीआर-८० : बँकेच्या कार्डाचे नेहमीचे माप, ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर.

३० मिल : कार्डाची जाडी. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे. ३० मिल म्हणजे सुमारे ०.७६ मिलिमीटर.

छपाई

फ्युजिंग : पीव्हीसीच्या शीटवर छापून, वर पारदर्शक थर ठेवून उष्णतेने व दाबाने एकजीव करणे. नंतर डाय कटरने कार्डे कापतात. थर नीट बसला नाही, तर कडा सुटतात.

रिबन : थर्मल प्रिंटरची रंगपट्टी. ‘वायएमसीकेओ’ म्हणजे पिवळा, किरमिजी, निळा व काळा हे रंग आणि शेवटी ओव्हरले, म्हणजे संरक्षक पारदर्शक थर. प्रत्येक कार्डाला रिबनचा पूर्ण संच लागतो. त्यामुळे कार्ड चुकले, की रिबनही वाया जाते.

रीट्रान्सफर : आधी फिल्मवर छापून मग कार्डावर उतरवणे. रंग अगदी कडेपर्यंत येतो, पण खर्च जास्त.

चुंबकीय पट्टी

एन्कोडिंग : पट्टीत माहिती भरणे. छपाई डोळ्यांसाठी, एन्कोडिंग यंत्रासाठी. ही दोन वेगळी कामे आहेत. पट्टीचे कार्ड घेतले म्हणजे माहिती भरली गेली, असे नाही.

ट्रॅक : पट्टीवरील माहितीच्या ओळी. पहिल्यात ७९ चिन्हे मावतात. रोमन मोठी अक्षरे व अंक चालतात. दुसऱ्यात ४० व तिसऱ्यात १०७ चिन्हे, तीही मुख्यतः अंकच. देवनागरी कुठेच चालत नाही. म्हणून नावाचे रोमन स्पेलिंग सर्व कागदांवर एकच ठेवावे.

हायको आणि लोको : हायको पट्टी बहुधा काळी असते, तिच्यातील माहिती सहज पुसली जात नाही. लोको बहुधा तपकिरी असते. पर्सच्या लोहचुंबकानेही बिघडू शकते. रोजच्या वापराला हायको घ्यावी.

पट्टीची नक्कल करणे सोपे असते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यास बँकांना सांगितले होते. आपल्या पट्टीत फक्त सभासद क्रमांक असावा. मोबाईल किंवा आधार क्रमांक नको. वाचण्याचे यंत्रच नसेल, तर पट्टीवर खर्च कशाला? साधा क्यूआर कोड पुरतो. आधार कार्डही बाजारातून प्लास्टिकवर छापून घेऊ नये. सुरक्षा चिन्हे नसल्याने अशा प्रती वापरू नयेत, असे आधार प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितले होते.

प्रूफ

प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना. इथे टाइप करणाऱ्यांच्या हाताला हिंदीची सवय, त्यामुळे ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘गोखले’चे ‘गोखळे’ व्हायला वेळ लागत नाही. फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला, तर अक्षरेच बदलतात. फाईल ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचे चित्र करून, द्यायला सांगावे. प्रूफ घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवावे आणि मगच सही करावी. ‘ळ’ आणि रक्तगट मात्र दोनदा तपासावेत.