प्रतिष्ठागुण

प्रतिष्ठागुण : महाजालावरील चर्चासमुदायांत सदस्याच्या लेखनाला इतरांनी दिलेल्या अनुकूल-प्रतिकूल मतांवरून त्याच्या खाती जमा अथवा वजा होणाऱ्या गुणांची बेरीज. परस्परांस अपरिचित अशा असंख्य माणसांच्या समुदायात कोणाच्या शब्दावर कितपत भिस्त ठेवावी आणि व्यवस्थेचे कोणते अधिकार कोणाच्या हाती सोपवावेत, हे दोन्ही प्रश्न सोडविण्यासाठी ही पद्धती अवलंबिली जाते.

अमेरिकेत रॉब माल्डा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्लॅशडॉट या चर्चास्थळावर निवडक सदस्यांना मुदतबंद मताधिकार देऊन प्रतिक्रियांची प्रतवारी उणे १ ते ५ अशी करण्यात येई, आणि या निवाड्यांची फेरतपासणीही अन्य सदस्यांकडेच असे. पद्धतीचे अधिक रेखीव रूप जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये आज्ञावलीकारांसाठी स्थापन केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरस्थळावर सिद्ध झाले. तेथील रूढ नियमांनुसार नवागताचा आरंभ १ गुणाने होई. उत्तराला मिळालेल्या अनुकूल मताचे १० व प्रश्नकर्त्याच्या स्वीकृतीचे १५ गुण जमा होत, प्रतिकूल मताने २ वजा होत, आणि उत्तराविरुद्ध मत देणाराही आपला १ गुण गमावी, जेणेकरून निषेध विचारपूर्वकच नोंदविला जावा. १५ गुणांवर अनुकूल व १२५ गुणांवर प्रतिकूल मताचा, २,००० गुणांवर इतरांचे लेखन परस्पर दुरुस्त करण्याचा, तर ३,००० गुणांवर प्रश्न बंद करण्यासाठी मत देण्याचा हक्क प्राप्त होई. मतांपासून होणाऱ्या दैनिक कमाईस २०० गुणांची मर्यादा होती, आणि एकाच सदस्याला लागोपाठ दिलेली संशयास्पद मते रद्द केली जात.

तथापि सोप्या प्रश्नाचे उत्तर पारखू शकणारे पुष्कळ आणि दुर्घट प्रश्नाचे थोडे असल्यामुळे गुणसंख्या विद्वत्तेच्या प्रमाणात वाढतेच असे नाही. शिवाय पूर्वीचे मत पुढील मतास वळण लावते : लेव्ह मुचनिक, सिनान अरल व शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रतिक्रियांना आरंभीच एक कृत्रिम अनुकूल मत दिल्याने त्यांचे अंतिम गुण सरासरीने २५ टक्क्यांनी वाढले, उलट कृत्रिम प्रतिकूल मताचा परिणाम पुढील मतदारांनी बहुतांशी भरून काढला.

यास्तव प्रतिष्ठागुणांवरून सदस्यावर समुदायाने टाकलेला विश्वास कळतो, परंतु विशिष्ट उत्तराची सत्यता त्यातील पुराव्यावरूनच ठरवावी लागते. आणि मत देण्यापूर्वी लेखन वाचून पडताळणाऱ्या सदस्याच्या विवेकावरच या व्यवस्थेची इभ्रत अवलंबून राहते.