उलटीच्या गोळीची गोष्ट

आम्ही मंगळवार पेठेतल्या बचत गटाच्या बायका. मळमळलं की आपल्या आज्या आलं-लिंबू द्यायच्या; मग गोळ्या आल्या.

१९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी निघाली. मळमळीवर ती गरोदर बायकांनाही दिली गेली. जगभरात १०,००० हून जास्त बाळं व्यंग घेऊन जन्मली, तेव्हा १९६१ मध्ये ती बंद झाली. औषधांची तपासणी कडक झाली ती त्यानंतर.

१९६० च्या दशकातलं मेटोक्लोप्रमाइड मेंदूतला उलटीचा इशारा दाबतं, जठर लवकर रिकामं करतं. पण कधी कधी मान, जबडा आखडतो. १९९० च्या सुमाराचं ऑन्डान्सेट्रॉन आतड्याकडून मेंदूला जाणारा निरोप अडवतं. त्यानं डोकं दुखतं, पोट साफ होत नाही.

म्हणून दुकानातून परस्पर गोळी नको. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगायचं.