हजेरी यंत्राची की माणसाची?

मंडळी, आजचा विषय संगणकांच्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेचा, आणि त्यातल्या एका नियमाचा. यंत्र जगात कुठेही असो, ते चालवणारा माणूस मात्र स्पर्धेच्या जागी हजर पाहिजे, असा तो नियम. आपल्या कॉलेजातल्या हजेरीपटाइतकाच रूक्ष वाटतो. पण स्पर्धा भरवायची कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर या नियमात दडलेलं आहे.

आधी इतिहास पाहू. पहिली जागतिक स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोमला झाली. तेरा प्रोग्रॅम उतरले आणि सोव्हिएत ‘काइसा’ चारही डाव जिंकून विजेता ठरला. त्या काळचे संगणक खोलीभर पसरलेले असत, ते काही बोटीत घालून आणता येत नव्हते. काइसाचं यंत्र मॉस्कोतच राहिलं आणि चाली टेलिफोनवरून कळवल्या जात होत्या. म्हणजे पटावर सोंगटी हलवायला, घड्याळ दाबायला माणूस लागणारच. तेव्हा हजेरी ही निव्वळ गरज होती.

पण या गरजेतून काय निपजलं ते १९७७ साली टोरांटोत दिसलं. ‘डचेस’विरुद्धच्या डावात काइसाच्या राजाला शह बसला. राजा बाजूला घेणं सोपं होतं, पण काइसाने हत्ती मध्ये घालून चक्क फुकट दिला. प्रेक्षकांत माजी जगज्जेते मिखाईल बोत्विनिक बसले होते. प्रोग्रॅम चुकला असंच सगळ्यांना वाटलं. डाव काइसा हरलाच. नंतर त्याच्या कर्त्यांनी त्याला विचारलं, ‘राजा हलवला असता तर?’ उत्तर मिळालं: समोरचा वजीर बळी देऊन मात करणार होता! ती मात हॉलमधल्या कोणालाच दिसली नव्हती. आपल्याकडे हजेरी लावतात तशी हजेरी घेतातही. इथे यंत्राची हजेरी घेतली गेली, आणि ज्ञान त्यातून आलं. गुणफलकावर मात्र काइसाचा नुसता पराभव नोंदला गेला. त्याच टोरांटोत संगणक-बुद्धिबळवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, हे मला सयुक्तिक वाटतं.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. २००३ साली ग्राझला ‘श्रेडर’ आणि ‘जॉनी’ यांच्या डावात एकच स्थिती तीनदा आली. नियमाप्रमाणे जॉनीला बरोबरी मागता येत होती, त्याच्या पडद्यावर तसं दिसतही होतं. पण जॉनीच्या कर्त्याला वाटलं, हा समोरच्या प्रोग्रॅममधला दोष आहे, त्याचा फायदा आपण का घ्यावा? त्याने डाव पुढे चालू ठेवला आणि तो हरला. निकाल कायम राहिला. श्रेडर ‘फ्रिट्झ’च्या बरोबरीला आला आणि जादा डावांत अजिंक्य ठरला. म्हणजे एका माणसाच्या सौजन्याने यंत्रांचं जगज्जेतेपद फिरलं! स्पर्धा यंत्रांची असेल तर हा अन्याय आहे, आणि कर्त्यांची असेल तर ही खिलाडूवृत्ती. मग नक्की काय आहे, ते ठरवायला नको?

ते कधी ठरलंच नाही. २०११ साली संघटनेने ‘रिब्का’ची २००७ ते २०१० ही चार विजेतेपदं काढून घेतली. आक्षेप खेळाच्या ताकदीवर नव्हता. प्रोग्रॅम दुसऱ्यांच्या कामावरून बेतला, असा होता. म्हणजे संघटनेच्या लेखी हा मान निर्मात्याचा होता. पण जाहिरात मात्र ‘जगातला सर्वांत बलवान प्रोग्रॅम’ अशीच व्हायची.

बलवान कोण हे शोधायला प्रवास कशाला हवा? थोडेसे डाव खेळून खरी ताकद कळत नाही, त्याला शेकडो डाव लागतात. २०१० साली सुरू झालेल्या टीसीईसी स्पर्धेत प्रोग्रॅम आयोजकांच्याच यंत्रावर खेळतात, कर्ते घरी बसतात. ‘स्टॉकफिश’सारखा मुक्त प्रोग्रॅम तर देशोदेशींच्या माणसांनी मिळून रचलेला. त्यातल्या कोणाला विमानाचं तिकीट काढून हजर राहायला सांगणार? हळूहळू बलवान बाहेर राहिले आणि किताब आत राहिला. २०२४ची सांतियागो दे कोम्पोस्तेलाची स्पर्धा शेवटची म्हणून जाहीर झाली.

माझं मत असं. हजेरीचा नियम वाईट नव्हता, त्याला चुकीच्या कामाला जुंपलं. ताकद मोजायची तर माणूस हजर असणं ही नुसती अडचण. पण ‘ही चाल का खेळलास?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणीतरी समोर बसलेलं लागतं. आज यंत्रं बुद्धिबळापलीकडचे निर्णय घेऊ लागली आहेत. तिथे आपण त्यांचे गुण रोज मोजतो, पण उत्तर द्यायला कोणाला हजर राहावं लागतं का? यावर तुम्ही विचार करावा, एवढंच म्हणतो आणि थांबतो.